ब्रिजचा हंबकर बदलला आणि आवाजच गेला! (पिकअप, वायरिंग, घूंघूं आणि नाशिक)

तारसप्तक
नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज गरजेपोटी धागा काढलाय.

गिटार सेकंडहँड, स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची, एचएसएस. म्हणजे तारांखालच्या तीन पिकअपपैकी (तारेचं कंपन विजेत बदलणारी चुंबक-कॉइल) नेक (मानेकडे) आणि मिडलला सिंगल कॉइल, ब्रिजला (तारा अडकवतात तिकडे) दोन कॉइलींचा हंबकर. कॉलेज रोडच्या एका मुलाकडून घेतली, तो पुण्याला चालला होता. ब्रिजचा मूळ हंबकर कसातरीच वाजायचा म्हणून एकाकडून वापरलेला सेमूर डंकनचा फिफ्टी-नाइन घेतला. स्टिकर आहे, चार वायरी आणि एक उघडी तार. स्वतः कधी डाग (सोल्डर) दिलेला नाही, म्हणून एका दुकानात बसवून घेतला. तासाभरात गिटार हातात.

आता परिस्थिती अशी:
नवा हंबकर जुन्यापेक्षाही बारीक वाजतो. जोर म्हणून नाही. शिवाय हंबकर असून घूंघूं करतो. तारांवरून हात काढला की वेगळीच किरकिर सुरू होते, हात ठेवला की ती कमी होते. आणि व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं वाटतं.

दुकानदार म्हणतो, पिकअप खराब आहे, नवा सेट घ्या. राहतो पंचवटीत, जुन्या घरात. अँप छोटा, पंधरा वॉटचा. काय करू?

ओव्हरड्राइव्ह_सिडको
भाऊ, सेकंडहँड पिकअप म्हणजे सेकंडहँड टूथब्रश. सरळ नवा सेट घे, तिन्ही एकाच कंपनीचे, आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे), स्विच, जॅक सगळं बदलून टाक. रोज रोजची कटकट नको.

राळकथील
थांबा. खिशातला हात बाहेर काढा.

हंबकर असून घूंघूं करतो, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळं उत्तर तिथेच आहे. मल्टिमीटर आहे का? नसेल तर एम.जी. रोडला साधा डिजिटल मिळेल. गिटार उघडायची गरज नाही. केबल गिटारला लावा, दुसरं टोक अँपमधून काढून हातात घ्या. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर, एक टोक केबलच्या टोकाच्या बोंडाला, दुसरं दांड्याला. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण दहावर. स्विचच्या पाचही जागांचे आकडे इथे लिहा.

तोपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही.

तारसप्तक
काका (काकाच ना?), मीटर शेजारच्यांकडे मिळाला. ब्रिजपासून नेककडे जाताना आकडे असे:

ब्रिज ४.०
ब्रिज + मिडल २.४
मिडल ६.१
मिडल + नेक ३.०
नेक ५.९

राळकथील
काकाच. सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं पॅनल वायरिंग केलं, आता नातवाला सायकल शिकवतो.

मिडल आणि नेक अगदी ठणठणीत. सिंगल कॉइल साडेपाच ते साडेसहाच्या आसपास असते. मिडल आणि नेक पॅरललमध्ये ३.०, तेही बरोबर. पण तुमचा फिफ्टी-नाइन ब्रिजला ८ च्या आसपास हवा. ४.० म्हणजे बरोबर निम्मा. निम्मा पिकअप झोपलाय. म्हणून बारीक वाजतो आणि म्हणूनच घूंघूं करतो, कारण या घडीला तो हंबकर नाहीच, एकटी कॉइल आहे.

हंबकर म्हणजे शेजारी शेजारी दोन कॉइली. एकीचं चुंबक उत्तर वर करून, दुसरीचं दक्षिण वर करून, आणि वाइंडिंगही उलटसुलट. तारेचा आवाज दोघींमध्ये एकाच दिशेने येतो, म्हणून बेरीज होते. बाहेरून आलेली घूं मात्र चुंबकाला विचारत नाही, ती फक्त वाइंडिंगची दिशा बघते, म्हणून ती एकमेकींना खाऊन टाकते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हे बसवलं आणि १९५५ साली पेटंटचा अर्ज केला. पेटंट हातात पडेपर्यंत पिकअपखाली "पेटंटचा अर्ज केलाय" असं इंग्रजीत स्टिकर लागायचं. आज त्या स्टिकरच्या तीन अक्षरांवर (पीएएफ) लोक घर गहाण टाकतील.

आता तुमचा रोग. चार वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. डंकनमध्ये काळी हॉट (आवाज बाहेर नेणारी), पांढरी आणि लाल एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीत लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. तुमच्याकडे डंकन आहे आणि बसवणाऱ्याने डिमार्झिओचा तक्ता डोक्यात धरला, असा माझा संशय. तसं केलं तर काळी आणि पांढरी ही एकाच कॉइलची दोन टोकं एकमेकांना चिकटतात, ती कॉइल स्वतःच्याच शेपटीला चावून बसते. लाल-हिरवीमधली दुसरी कॉइल तेवढी वाजते. मीटर ४ दाखवणार. तुमच्यासारखंच.

मागची झाकणी उघडा, पिकगार्ड असेल तर तो उचला, आणि फोटो नको, नुसतं सांगा: काळी कोणाला जोडली आहे?

तारसप्तक
काळी पांढरीला!! वर टेप गुंडाळलाय. लाल स्विचवर. काका, तुम्ही न बघता सांगितलंत!

ओव्हरड्राइव्ह_सिडको
टूथब्रशचं विधान मागे घेतो.

निफाडची_लीड
तारसप्तक, आता परत दुकानात जाऊ नको, स्वतः कर. मी द्राक्षाच्या छाटणीतून वेळ काढून शिकले, तुला तर शहरात राहून सगळं हाताशी आहे.

डाग देताना तीन गोष्टींत मी मार खाल्लाय, तेवढ्या सांगते. पंचवीस वॉटची डागाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) स्विचच्या पायांना पुरते, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा डाग द्यायचा तर पत्रा सगळी उष्णता पिऊन घेतो. लोक मग अर्धा मिनिट टेकवून बसतात आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो. पन्नास-साठ वॉटची, जाड टोकाची घे, दोन-तीन सेकंदांत काम आटप. पाठ आधी पॉलिश पेपरने खरवड. कथील साठ-चाळीसचं, आत राळ असलेलं घे. नळजोडणीचं आम्लवालं फ्लक्स अजिबात नको, तांबं हिरवं होतं. आणि इस्त्रीने कथील वितळवायचं नाही, इस्त्रीने जोड तापवायचा आणि कथील जोडाला लावायचं. हे कळायला मला दोन पॉट लागले.

उघडी तार आणि हिरवी आता एकत्र असतील, त्या वेगळ्या करून ठेव. पुढे लागतील असं वाटतंय.

राळकथील
ताईंनी लाख बोललं. शेवटची ओळ तर विशेष.

पंचवटी_एक्सप्रेस
रोज मुंबईला जातो, लॅमिंग्टन रोड जवळ आहे. कोणाला पॉट-बिट हवे असतील तर यादी द्या, शुक्रवारी आणतो. फक्त अमेरिकन मापाचे पॉट मागवताना जपा. त्यांची मान ९.५ मिलिमीटरची असते आणि आपल्याकडच्या स्वस्त गिटारींची भोकं सात-आठ मिलिमीटरची. आणून मग कानशीने पिकगार्ड पोखरत बसलेला माणूस मी बघितलाय. आरशात. दात्यांचंही तसंच, एकाला अठरा दाते, दुसऱ्याला चोवीस, नॉब बसत नाहीत.

तारसप्तक
झालं! रात्री दीडपर्यंत बसलो. आई दोनदा येऊन "घर पेटवू नको" म्हणून गेली. काळी हॉट, पांढरी-लाल एकत्र, हिरवी-उघडी ग्राउंडला. मीटर ८.०. घूं गेली. आवाज असा भरून आला की मी जिन्यात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

पण... (असणारच) ब्रिज + मिडलची जी जागा आहे, तिथे आवाज पोकळ झालाय. आधीपेक्षा बारीक, नाकातून बोलल्यासारखा. मीटर तिथे ३.५ दाखवतो, म्हणजे बरोबरच ना? मिडल + नेक मस्त आहे.

मोहोळ
ती पोकळ टोन लोक मुद्दाम मागतात भाऊ. ठेव तशीच. फंक वाजव.

राळकथील
मोहोळसाहेब, मागणाऱ्याने मागावी. न मागता मिळाली तर ती चूक.

ओहमचा आकडा दिशा सांगत नाही. ३.५ बरोबरच, पण एक कॉइल तारेला "ये" म्हणते तेव्हा दुसरी "जा" म्हणतेय. फेज उलट. डंकनचा पिकअप आणि दुसऱ्याच कंपनीचे सिंगल कॉइल, दोघांची जन्मदिशा जुळलीच पाहिजे असं काही नाही.

तपासायची युक्ती: मीटर तसाच लावा. ब्रिजवर ठेवून पोलच्या टोकांवर स्क्रू ड्रायव्हरची चपटी बाजू टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारेल किंवा खाली. तेच मिडलवर करा. दोन्हीकडे उडी एकाच दिशेला हवी.

उलट निघाली तर काळी आणि हिरवी अदलाबदल करा. हिरवी हॉट, काळी ग्राउंड. उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहील. ती तळपट्टीला आणि कवचाला जोडलेली असते. काळ्या-हिरव्याबरोबर तिलाही फिरवलंत तर पिकअपचं धातूचं अंग हॉट होईल आणि हात लावला की गुरगुरेल. ताईंनी वेगळी ठेवायला सांगितली ती याच्यासाठी.

तारसप्तक
ब्रिज खाली, मिडल वर. उलट होते. बदलले. आता ती जागा टणटण वाजते! हीच ती स्ट्रॅटची "मधली" टोन, जी मला नेहमी रेकॉर्डवर ऐकू यायची आणि आपल्याकडे यायची नाही.

राळकथील
तिची गंमत अशी की ती कंपनीने ठरवून दिलेलीच नव्हती. स्ट्रॅट आली १९५४ साली, तेव्हा स्विच तीन जागांचा. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला की दोन पिकअप एकदम लागतात. लोक काडी-कागद लावून अडकवायचे. फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ उजाडलं. म्हणजे तेवीस वर्षं.

ओव्हरड्राइव्ह_सिडको
काका, मग आता कपॅसिटरचं बोलूच. तारसप्तक, टोनचा कपॅसिटर बदल. जुना तेलकागदी लाव, आवाजात गोलाई येते. माझ्या मित्राने लावलाय, फरक जमीन-अस्मानाचा.

निफाडची_लीड
मित्राच्या आधीच्या कपॅसिटरवर काय आकडा होता आणि आता लावलेल्या तेलकागदीवर काय?

ओव्हरड्राइव्ह_सिडको
आधीच्यावर २२३. तेलकागदीवर विचारून सांगतो.

ओव्हरड्राइव्ह_सिडको
०.०४७ मायक्रोफॅरड.

निफाडची_लीड
२२३ म्हणजे २२ नॅनोफॅरड. ०.०४७ म्हणजे ४७. दुपटीहून जास्त. गोलाई तेलाची नाही, आकड्याची आहे. टोन खाली केला की मोठा कपॅसिटर जास्त खालपासून आवाज कापतो, एवढंच. पाच रुपयांचा ४७ चा पॉलिस्टर लावला असता तरी गोलाई आली असती. टोन दहावर असेल तर ओळखून दाखवावं, मी मिसळ देते. तीही माझ्या पसंतीच्या ठिकाणी.

ओव्हरड्राइव्ह_सिडको
कानाला वाटतं ते वाटतं ना ताई. पण मिसळीचं लक्षात ठेवतो.

राळकथील
या वादात मी पडत नाही. पडलोच तर ताईंच्या बाजूला.

त्यापेक्षा पॉट बघा. एचएसएसमध्ये खरी अडचण तिथे आहे. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा पॉट शोभतो, हंबकरला ५०० चा. पॉट पूर्ण उघडा असला तरी पिकअपवर त्याचा भार असतोच. भार जास्त, म्हणजे पॉट लहान, की वरचे सूर दबतात. सिंगल कॉइल आधीच कानात टोचणारी, तिला तो भार बरा. हंबकर आधीच जाड, तो २५० वर झोपतो. तुमच्यात काय आहे?

तारसप्तक
पाठीवर बी५०० के लिहिलंय. तिन्ही.

राळकथील
बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे लॉग. व्हॉल्यूमला लिनियर लावला की दहा ते तीनपर्यंत फारसं काही होत नाही आणि मग एकदम खड्ड्यात. व्हॉल्यूमला तरी ए५०० लावा.

सिंगल कॉइलसाठी सोपा मार्ग: पाचशेचे पॉट ठेवा, आणि मिडल व नेकच्या हॉट वायरीवरून ग्राउंडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर टाका, स्विचच्या अलीकडे. ५०० आणि ४७० पॅरललमध्ये २४२ होतात. सिंगलला वाटतं आपण अडीचशेच्या घरात आहोत, हंबकरला पाचशेच्या. दोघी जावा एका छताखाली सुखात.

पॉटवरच्या आकड्यावर विसंबू नका, वीस टक्के इकडेतिकडे चालतं. पाचशे लिहिलेला मला ४१५ निघालाय. दोन-तीन आणून मोजून निवडा. पंचवटी एक्सप्रेस, एक यादी घ्या.

पंचवटी_एक्सप्रेस
घेतली. ए५०० तीन नग, ४७० के चार नग. मानेचं माप कळवा, नाहीतर परत आरसा.

वायंडिंगवाला_सिन्नर
रामराम. धागा वाचून राहवलं नाही. आमचा धंदा मोटार वायंडिंगचा. सबमर्सिबल, तीन, पाच, साडेसात एचपी. उन्हाळ्यात जळालेल्या मोटारींची रांग लागते. पोरगा गिटार वाजवतो, त्याच्या पिकअपची कॉइल तुटली तेव्हा म्हटलं हे आपलंच काम.

आपलं कसलं. पिकअपची तार अमेरिकन गेजमध्ये ४२ नंबर. आपण वायंडिंगवाले एसडब्ल्यूजीत (ब्रिटिश गेज) बोलतो, त्यात जवळचा नंबर ४६. ०.०६ मिलिमीटर. केसाएवढी. मोटारीची तार मी दातात धरून ओढतो, ही तर श्वासाने हलते. आणि वेढे सात-आठ हजार.

शिलाई मशीनची मोटार घेतली, पायाचा पॅडल असल्याने वेग हातात राहतो. वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर उघडला, "बरोबर" चिन्हाच्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) जोडला, फिरत्या चकतीला चुंबक. एक अधिक एक दाबून ठेवलं की चुंबक गेलं की आकडा एकाने वाढतो. हे पोराने शोधलं इंटरनेटवर. पहिली कॉइल ३,१०० वर तुटली. दुसरी ५,६०० वर. दुसऱ्या वेळी बायको जेवायला बोलवत होती, मान वळवली एवढंच कारण. तिसरी पूर्ण झाली, ६.३ किलोओहम.

मग वाजवली तर जोरात लावली की किंचाळायची. आम्ही मोटारीला वार्निश पाजून भट्टीत घालतो, वेढे हलू नयेत म्हणून. इथे मेण पाजतात म्हणे?

राळकथील
भले! नमस्कार करतो तुम्हाला.

कारण तेच. वेढे सैल राहिले की पिकअप माइकसारखा वागतो, अँपच्या आवाजाने वेढे थरथरतात आणि शिट्टी वाजते. पॅराफिन मेण चार भाग, मधमाशीचं एक भाग. डब्यात मेण, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात, थेट गॅसवर कधीच नाही. पासष्ट अंशांच्या वर जाऊ देऊ नका, बॉबिन प्लास्टिकचा असेल तर वाकतो. बुडवला की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवायचा, वीस मिनिटं लागतात. बाहेर काढून पुसायचा. गॅस बंद करूनच सगळं, मेणाची वाफ पेटते.

ऐंशीच्या दशकात बाहेरचा पिकअप मिळणं म्हणजे कोणी नातेवाईक परदेशातून यायला हवा. ऑर्केस्ट्रातली मुलं तुटकी कॉइल घेऊन माझ्याकडे यायची आणि मी रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेली तार गुंडाळायचो. हातांनी. वेढे मोजायचे कुणी? बायको मोजायची, आणि शंभर झाले की एक शेंगदाणा बाजूला ठेवायची. शेवटी शेंगदाणे कमी भरायचे.

वायंडिंगवाला_सिन्नर
शेंगदाणे! 😂 मेण करून बघतो. पोराच्या वाढदिवसाच्या आत व्हायला हवं.

तारसप्तक
काका, ती किरकिर राहिली. तारांवरून हात काढला की सुरू. घूं गेली पण ही आहे. दुकानात म्हणाले होते की गिटारमध्ये तांब्याचा पत्रा लावला की जाईल. भांडी बाजारातून पत्रा आणू का?

मोहोळ
आण. मी आणला होता. बोटाला चार टाके पडले.

राळकथील
पत्रा नको, चिकटपट्टीवाली तांब्याची फॉइल आणा, गोंदातूनही वीज जाते अशी. पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या, जोडावर एक-एक थेंब कथील, मीटरने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत टोचून बघायचं, आणि एका वायरीने ग्राउंडला. स्विचचे पाय फॉइलला टेकत नाहीत ना ते बघा, नाहीतर सगळा आवाज गप्प आणि तुम्ही परत इथे.

पण आधी ऐका. फॉइल किरकिर थांबवते: ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, एलईडीचं स्वस्त ड्रायव्हर, हे. ट्रान्सफॉर्मरची घूं फॉइलला जुमानत नाही, ती चुंबकीय असते. ओळखायचं कसं? गिटार हातात धरून स्वतःभोवती फिरा. दिशेनुसार कमी-जास्त झाली तर चुंबकीय.

आणि हात लावल्यावर कमी होते, म्हणजे तारांचं ग्राउंड शाबूत आहे. आपलं शरीर अँटेना, तारांना टेकलं की ग्राउंड होतं. पण मग ते ग्राउंड जातं कुठे? अँपमध्ये. आणि अँपमधून? भिंतीत. तुमचं घर जुनं म्हणालात. अँपचा प्लग कुठे लावलाय?

तारसप्तक
एक्स्टेंशन बोर्डला. बोर्डाचा प्लग दोन पिनचा आहे, कारण भिंतीतला सॉकेट दोन पिनचा आहे. तिसरं भोक बोर्डात आहे पण आत वायर नाही.

कधीकधी अँपच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात. मला वाटायचं थंडीने.

राळकथील
उठा. अँपचा प्लग काढा. आत्ता. मग पुढचं वाचा.

राळकथील
काढलात? बरं.

अर्थिंग नसलं की अँपची धातूची पेटी अधांतरी राहते, आतल्या फिल्टरमधून थोडा गळती-प्रवाह तिच्यावर येतो, त्याच्या मुंग्या. आत काही बिघडलं आणि फेज पेटीला लागली, तर ती तुमच्या तारांवर येणार, कारण तारा पेटीलाच जोडलेल्या आहेत. एका हातात तारा आणि दुसऱ्या हातात किंवा ओठाला दुसऱ्या ठिकाणी अर्थ झालेला माइक, तर प्रवाह छातीतून जातो. २३० व्होल्ट. गणपतीच्या मंडपात एका मुलाला ओठाला बसलेला झटका मी बघितलाय. वाचला, पण महिनाभर माइकजवळ गेला नाही.

वायरमन बोलवा. नीट अर्थ ओढून घ्या, तीन पिनचा सॉकेट लावून घ्या, आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. त्याला म्हणा, फेज ते अर्थ मोजून दाखव: न्यूट्रलला जेवढे व्होल्ट येतात जवळपास तेवढेच अर्थला यायला हवेत. साठ, शंभर असं काही आलं तर अर्थ नावापुरताच आहे. हे तुम्ही स्वतः मोजू नका, तुम्ही परवाच इस्त्री हातात धरलीय.

आणि घूं जाते म्हणून प्लगची मोठी पिन कापणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका.

पंचवटी_एक्सप्रेस
हे वाचून मी आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीतला बोर्ड उघडला. अर्थची हिरवी वायर गाठ मारून आत ठेवलेली. गाठ!! तीन वर्षं आम्ही तिथे घामाने ओले होऊन वाजवतोय.

तारसप्तक
आठवडा गेला. अपडेट देतो.

वायरमन आला, दोन दिवस भिंत फोडली, बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मग त्यांनीच मिक्सरला हात लावून बघितला, मुंग्या नाहीत म्हणाले, आणि बोलायला लागले. किरकिर तीन चतुर्थांश गेली, फॉइल अजून लावलीही नाही. उरलेली अभ्यासाच्या दिव्यामुळे होती, तो बंद केला की शांत.

पॉट बसवले (पंचवटी एक्सप्रेस, पैसे पाठवलेत, बघा). सातवरची गोधडी अजून थोडी आहे.

निफाडची_लीड
केबल किती लांब?

तारसप्तक
दहा मीटर. स्टेजसाठी घेतली होती. स्टेज अजून मिळालं नाही.

निफाडची_लीड
मग गोधडी तीच. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटरच, मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास. दहा मीटरला हजार. व्हॉल्यूम दहावर असतो तेव्हा पिकअप थेट केबलला भिडतो. खाली केला की मध्ये पॉटचा अडथळा येतो आणि त्या अडथळ्यापुढे केबल वरचे सूर गिळते. घरात तीन मीटरची वापर.

तरी हवंच असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमध्ये १ नॅनोफॅरड (वर १०२ लिहिलेलं असतं) आणि १५० किलोओहम, दोन्ही पॅरललमध्ये लाव. वरच्या सुरांना चोरवाट मिळते. आधी केबल बदलून बघ, मगच डाग दे.

आणि पिकअपची उंची पाहिलीस का? ते तर फुकट आहे. शेवटची पट्टी दाबून सिंगल कॉइलच्या पोलपासून तारेपर्यंत जाड ई ला सुमारे २.४ मिलिमीटर, बारीक ई ला २. जास्त जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतं, वरच्या पट्ट्यांवर जाड तार बेसूर थरथरते आणि माणूस ट्यूनरला शिव्या घालतो.

तारसप्तक
नेक पिकअप तारेला जवळजवळ चिकटलेला होता ताई!! खाली घेतला, सूर सुधारला. आणि मी दोन महिने ट्यूनरला शिव्या घालत होतो, तुम्हाला कसं कळलं?

आता हाव सुटली आहे. हंबकरची एक कॉइल बंद करणारा पुश-पुल पॉट (नॉब ओढला की स्विचसारखा चालतो तो) लावायचाय.

राळकथील
लावा, पण आधी खाचेची खोली मोजा. पुश-पुल उंच असतो, स्वस्त गिटारींत मागच्या लाकडाला टेकतो.

पांढरी-लाल जोड स्विचने ग्राउंडला नेली की एक कॉइल गप्प होते. तुमची काळी-हिरवी उलटी असल्याने आता हिरव्या-लाल वायरींची दक्षिण कॉइल वाजती राहील. मिडलबरोबर लावल्यावर घूं जावी असं वाटत असेल तर मिडलचं चुंबक तिच्या उलट हवं. साधं होकायंत्र पोलवर धरा, सुई सांगेल. मिडलही दक्षिणच निघालं तर पांढरी-लाल जोड ग्राउंडऐवजी हॉटला न्या, मग दुसरी कॉइल वाजती राहते.

एकटी कॉइल चार किलोओहमची, अगदीच किरकोळ वाटेल. जोड थेट न नेता मध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाकलात तर झोपलेली कॉइल थोडीशी जागी राहते, आवाजाला अंग येतं. घूंही थोडी कमी.

ओव्हरड्राइव्ह_सिडको
काका, माझीही गिटार आणू का? स्विचच्या दोन नंबरवर पोकळ वाजते. इतके दिवस मी ती माझी "सिग्नेचर टोन" म्हणून सांगत होतो.

वायंडिंगवाला_सिन्नर
मेण पाजलं. शिट्टी गेली. पोरगा सकाळपासून खाली उतरलेला नाही, शेजारी वर येऊन गेले. तारसप्तक, तुमचा मूळ हंबकर पडून असेल तर द्याल का? उघडून बघायचाय, आत काय बिनसलंय ते.

तारसप्तक
घ्या की, नक्की. मीटरवर आकडाच येत नाही, आत कुठेतरी तार तुटली असणार. काका, रविवारी सगळ्यांना जमेल का? आमच्याकडे या, आता तीन पिनचे चार सॉकेट आहेत.

राळकथील
रविवारी साडेनऊ. मीटर आणि मोठी इस्त्री मी आणतो. होकायंत्र नातवाचं आहे, तो बरोबर येणार म्हणतोय.

निफाडची_लीड
मी दहाला पोचते. ओव्हरड्राइव्ह, दोन कपॅसिटर आणतेय, डोळ्यांवर पट्टी बांधायला रुमाल तू आण. मिसळ कोण देणार ते दुपारी ठरेल.